ऑनलाइन समुपदेशनाला आधी दाराची कडी हवी

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

शाळा सुरू झाल्या की पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ‘घरबसल्या समुपदेशन’, ‘मुलांचा हट्ट तीन आठवड्यांत बंद’ अशा जाहिराती फिरू लागतात. कोल्हापूर जिल्ह्यातल्या आईबापांना मदतीची गरज आहे, यात शंकाच नाही. चंदगड किंवा गगनबावड्याहून शहरात समुपदेशकाकडे यायचे तर एसटीत आख्खा दिवस मोडतो, रोजगार बुडतो आणि ‘कशासाठी निघालाय?’ या प्रश्नाला घरात नि गल्लीत उत्तर द्यावे लागते ते वेगळेच. इचलकरंजीत मागावर बारा तासांची पाळी करणारा किंवा शिरोलीच्या फौंड्रीत रात्रपाळीला जाणारा बाप दुपारी चारची वेळ घेऊन कुठे जाऊन बसणार? फोनवरच्या समुपदेशनाने ही अडचण खरोखर सुटते. तरीही बरेच पालक दोन-तीन बैठकांनंतर थांबतात. त्यांना गरज नव्हती असे नाही. बोलायला जागा नव्हती, वेळ चुकीची होती, माणूस चुकीचा निवडला होता, किंवा यातून काय होईल आणि काय होणार नाही हे कुणी आधी सांगितले नव्हते. आम्ही या क्षेत्रात काम करतो, म्हणून हे तपशिलाने लिहीत आहोत.

रेंजची तक्रार सगळेच करतात, पण खरा अडथळा दाराचा आहे. पेठेतल्या जुन्या घरात सोपा, माजघर, स्वयंपाकघर एका ओळीत असतात. मधल्या दारांना पडदा असतो, कडी नसते. नव्या वन-बीएचके फ्लॅटमध्ये कडी असते, पण आत मूल झोपलेले असते. सूनबाई स्वयंपाकघरात ओट्याशी उभी राहून बोलते आणि सासूबाई माजघरात भाजी निवडत असतात. मग समुपदेशकाने काहीही विचारले तरी उत्तर येते, ‘हो’, ‘नाही’, ‘बरं आहे’. नवख्या समुपदेशकाला वाटते, बाई मोकळी होत नाही. मोकळी कशी होणार? तिचे प्रत्येक वाक्य दोन खोल्यांत ऐकू जाते.

यावर काही साधे उपाय आहेत. इअरफोन दोन्ही कानांत घातला की समोरचे बोलणे बाहेर जात नाही, आपले मात्र जाते. म्हणून पहिल्याच बैठकीत समुपदेशकाला सांगावे, ‘मला मोकळे बोलता येणार नाही, एका शब्दात किंवा आकड्यात उत्तर देता येईल असे विचारा.’ ‘शून्य ते दहामध्ये आज राग किती?’ याला ‘सात’ म्हटले तर ऐकणाऱ्याला काहीच कळत नाही. मध्येच कुणी आले तर वापरायचे वाक्य आधी ठरवून ठेवावे. ‘गॅसचा नंबर नंतर लावते’ असे ऐकले की समुपदेशकाने विषय बदलायचा. टीव्ही लावायचा असेल तर तो दाराच्या बाहेरच्या बाजूला लावा. आत लावला तर समुपदेशकालाच काही ऐकू येत नाही. गच्ची, कडेला थांबवलेली गाडी, शेतातल्या विहिरीवरची पंपाची खोली, या जागा वाईट नाहीत. चालत्या दुचाकीवर हेल्मेटमध्ये फोन खोचून बोलणे मात्र कुणीही करू नये. आणि ज्या मुलाबद्दल बोलायचे ते मूल ऐकण्याच्या टप्प्यात अजिबात नको. ‘याच्यामुळे माझं डोकं फिरतं’ हे वाक्य आई समुपदेशकाला सांगत असते, पण ते मनात धरून बसतो मुलगा.

वेळेचेही तसेच. बहुतेक ॲपवर संध्याकाळी सात ते नऊच्या वेळा भराभर संपतात, कारण नोकरदार शहरी पालकांना त्या सोयीच्या असतात. दुभत्या जनावरांच्या घरात तीच वेळ सर्वांत वाईट. धार काढणे, डेअरीला दूध घालणे, वैरण, मग भाकरी, मुलांचा गृहपाठ. अशा घरात सकाळी अकरा ते बारा ही वेळ बरी. मुले शाळेत, माणसे शेतावर. रात्रपाळीवाल्याने झोपून उठल्यानंतरची वेळ घ्यावी, पाळी संपल्या संपल्या घेऊ नये. रात्रभर जागलेल्या माणसाला स्वतःच्या रागाबद्दल विचार करायला लावले तर तो विचार करत नाही, चिडतो. उसाचा हंगाम सुरू असेल तर दर आठवड्याऐवजी पंधरवड्याने बैठक ठरवली तरी चालते. ठरवून पंधरवड्याने बोललेले बरे, आठवड्याची बैठक तीनदा चुकवून मनाला लावून घेण्यात अर्थ नाही.

रेंजबद्दल थोडक्यात. राधानगरी, शाहूवाडी, भुदरगडच्या डोंगरकपारीत व्हिडिओ अडकतो, आणि अडकतो तो नेमका माणूस रडायला लागतो तेव्हा. समोरचा चेहरा गोठलेला दिसला की ‘यांना काहीच वाटलं नाही’ असा समज होतो. म्हणून कॉल तुटला तर कोण कुणाला लावणार, किती मिनिटे वाट पाहायची आणि मग साध्या फोनवर यायचे का, हे सुरुवातीलाच ठरवावे. पाच मिनिटांत जोडला नाही तर साधा कॉल, ही पद्धत सोयीची. साध्या कॉलमध्ये कमीपणा काही नाही. चेहरा दिसत नसला की काही माणसे, विशेषतः बाप, जास्त बोलतात. व्हिडिओच हवा असेल तर पाऊण तासाला ॲपनुसार पाव ते पाऊण जीबी डेटा धरून चालावे आणि फोन हातात न धरता डोळ्यांच्या उंचीला टेकवून ठेवावा. खिडकी पाठीमागे असली तर चेहरा काळा दिसतो, ती समोर घ्यावी.

घरात एकच फोन असेल तर जास्त जपावे लागते. कुलूप लावलेल्या स्क्रीनवर मेसेजचा मजकूर दिसण्याची सोय बंद करावी आणि व्हॉट्सॲपमधले ते संभाषण लॉक करावे. आठवणीच्या मेसेजमध्ये कारण लिहू नये, फक्त ‘उद्या ११’ एवढेच पाठवावे, असे समुपदेशकाला बजावून सांगावे. अनेक सेवांचे आपोआप जाणारे मेसेज याबाबतीत फार निष्काळजी असतात. ‘तुमच्या वैवाहिक तणावाबद्दलची बैठक उद्या आहे’ असा मेसेज नवऱ्याने आधी वाचला, तर ती बैठक होतच नाही.

आता माणूस कसा निवडायचा ते. मनोविकारतज्ज्ञ हा डॉक्टर असतो, समुपदेशक किंवा मानसशास्त्रज्ञ औषध लिहून देऊ शकत नाही, तो देऊ शकतो. मार्च २०२० मध्ये आलेल्या टेलिमेडिसिनच्या मार्गदर्शक सूचनांनुसार तो व्हिडिओवर तपासूनही काही औषधे देऊ शकतो, मात्र चिठ्ठीवर त्याचा नोंदणी क्रमांक हवा आणि रुग्ण लहान मूल असेल तर ओळख पटलेले मोठे माणूस सोबत हवे. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची, म्हणजे मानसिक आजारांच्या चाचण्या आणि बोलून उपचार करणाऱ्या मानसशास्त्रज्ञाची, नोंद भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते आणि ती परिषदेच्या संकेतस्थळावर कुणालाही पाहता येते. ‘समुपदेशक’ हा शब्द मात्र मानसशास्त्रात एम.ए. करून अनुभवी माणसाच्या देखरेखीखाली काम केलेलाही लावतो आणि शनिवार-रविवारचा कोर्स केलेलाही. तेव्हा विचारायला लाजू नये: शिक्षण कोणते, कुणाच्या देखरेखीखाली काम केले, पालकांबरोबर किती वर्षे, बैठकीचे रेकॉर्डिंग होते का, रात्री काही प्रसंग ओढवला तर मी कुणाला फोन करायचा. या प्रश्नांना राग येणारा माणूस सोडून द्यावा. दहा बैठकांचे पॅकेज एकदम घेऊ नये. पहिल्या दोन बैठकांत सूर जुळतो का ते कळते, त्याआधी पैसे अडकवण्यात शहाणपण नाही. ॲपने यूपीआयचा ऑटोपे मागितला तर दर महिन्याला पैसे कापले जातील, हे ध्यानात ठेवून मगच होकार द्यावा.

पहिली बैठक पन्नास मिनिटे ते तासाभराची असते आणि तिच्यात सल्ला जवळजवळ नसतोच. चांगला समुपदेशक आधी तुम्ही आत्ता नेमके कुठे आहात तो पत्ता आणि जवळच्या एका माणसाचा फोन नंबर मागतो. काही जण यावरूनच बिचकतात. पण बैठकीत जिवाला धोका जाणवला तर पुण्यात बसलेल्या समुपदेशकाने गडहिंग्लजला मदत पाठवायची कशी? म्हणून पत्ता लागतो. नंतर तो गोपनीयतेबद्दल सांगतो. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ प्रमाणे उपचारातली माहिती गोपनीय ठेवण्याचा हक्क तुम्हाला आहे. मात्र कुणाच्या जिवाला धोका असेल किंवा न्यायालयाने आदेश दिला तर तिथे अपवाद होतो. मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचे कळले तर २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार पोलिसांना कळवणे समुपदेशकाला बंधनकारक आहे. हे आधी सांगणारा माणूस प्रामाणिक असतो. ‘सगळे आपल्या दोघांतच राहील’ असे सरसकट वचन देणाऱ्यापासून जपून राहावे.

जिथे पालक सर्वांत जास्त हात टेकतात, तो हट्टाचा भाग थोडा विस्ताराने लिहितो. तीन ते आठ वर्षांच्या मुलाच्या आदळआपटीसाठी समुपदेशकाने मुलाला स्क्रीनसमोर बसवून चार गोष्टी सांगाव्यात, अशी आईबापांची अपेक्षा असते. त्याचा फारसा उपयोग होत नाही. या वयाचे मूल पडद्यावरच्या अनोळखी माणसाशी दहा मिनिटांवर बोलत नाही, आणि बोलले तरी घरातली सवय तिथे बदलत नाही. काम पालकांबरोबरच करायचे असते. पहिल्या आठवड्यात फक्त नोंद ठेवायची: हट्टाच्या आधी काय झाले, मुलाने काय केले, नंतर त्याला काय मिळाले. वहीत तीन उभे रकाने पुरतात. चार दिवसांत दिसू लागते की हट्ट दिवसभर नसतो. तो जेवणाच्या वेळी असतो, किंवा बाबा घरी आल्यावर पहिल्या अर्ध्या तासात.

दुसऱ्या आठवड्यापासून रोज दहा मिनिटे मुलाबरोबर खेळायचे. खेळ मुलाने निवडायचा, मोठ्याने शिकवायचे नाही, प्रश्न विचारायचे नाहीत, फोन दुसऱ्या खोलीत ठेवायचा. ही दहा मिनिटे बक्षीस म्हणून द्यायची नाहीत आणि शिक्षा म्हणून काढूनही घ्यायची नाहीत. त्याबरोबर सूचना देण्याची पद्धत बदलायची. स्वयंपाकघरातून ओरडून ‘किती वेळा सांगायचं, नीट राहा’ असे म्हटले तर मुलाला त्यातून करण्यासारखे काहीच कळत नाही. जवळ जाऊन, नाव घेऊन, एकच काम सांगायचे: ‘दप्तर खुंटीला लाव.’ मग मनात पाच अंक मोजायचे आणि गप्प राहायचे. पाचच्या आत दुसरी सूचना दिली तर मूल पहिली सोडून देते. लावले तर ‘शहाणा आहेस’ असे मोघम न म्हणता ‘सांगितल्याबरोबर दप्तर लावलंस’ असे नेमके म्हणायचे.

खरी परीक्षा तिसऱ्या आठवड्यात असते. मोबाइलसाठीच्या रडण्याला दाद द्यायची नाही असे ठरवले की पहिले काही दिवस रडणे कमी होत नाही, वाढते. आजवर दहा मिनिटे रडल्यावर मोबाइल मिळत होता. आता मिळत नाही म्हटल्यावर मूल पंधरा, वीस मिनिटे रडून पाहते. त्यात त्याचा दुष्टपणा नाही, पूर्वी जे चालले तेच ते जोर लावून करून पाहते. इथे आईवडील म्हणतात, ‘समुपदेशनानं पोरगं जास्तच बिघडलं,’ आणि फोन बंद करतात. त्याहून नुकसान होते ते पाचव्या दिवशी, अर्ध्या तासाच्या रडण्यानंतर मोबाइल हातात दिल्याने. मूल शिकते की दहा मिनिटे पुरत नाहीत, अर्धा तास लागतो. म्हणून हे सुरू करण्याआधीच, ‘आठ-दहा दिवस वाईट जातील, तेवढे काढता येतील का? घरात लग्न, परीक्षा, पाहुणे आहेत का?’ असे समुपदेशकाने विचारायला हवे. असतील तर पुढे ढकलावे. मारकुटेपणा, डोके आपटणे, रस्त्यावर पळणे अशा धोक्याच्या वागण्याकडे दुर्लक्ष करायचे नसते, तिथे मुलाला लगेच आवरायचे.

आजी-आजोबांना वगळून केलेली योजना आपल्याकडे टिकत नाही. दिवसभर मूल आजीकडे असते, गुडघे दुखत असतात, आणि मोबाइल दिला की ते एका जागी बसते. आजीचे चुकते असे म्हणण्यात काही हशील नाही. तिसऱ्या-चौथ्या बैठकीला आजींना सन्मानाने बोलवावे आणि त्यांना एकच नियम द्यावा: मोबाइल द्यायचा तर रडण्याआधी, ठरलेल्या वेळी द्या, रडल्यावर नको. भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेच्या २०२१ च्या शिफारशीत दोन ते पाच वर्षांच्या मुलांसाठी दिवसाला एक तासाची मर्यादा आहे आणि दोन वर्षांखाली स्क्रीन नकोच असे म्हटले आहे. हे सुनेने सांगितले तर भांडण होते, बाहेरच्या माणसाने सांगितले तर ऐकले जाते. बाहेरच्या माणसाचा हा मोठा उपयोग.

नवरा-बायकोने एका फोनसमोर बसून बोलायचे झाले तर फोनजवळ बसलेल्याचेच बोलणे चालते, दुसरा चौकटीबाहेर सरकतो. आधी दोघांशी वेगवेगळे पंधरा-पंधरा मिनिटे आणि मग एकत्र, ही पद्धत चांगली. मात्र घरात मारहाण असेल तर एकत्र बैठक घेऊच नये. बाईने कॉलवर खरे सांगितले तर कॉल संपल्यावर तिला त्याची किंमत मोजावी लागते आणि समुपदेशक काहीच करू शकत नाही. अशा वेळी १८१ हा महिला मदत क्रमांक किंवा ११२, आणि २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायद्याखालचे संरक्षण अधिकारी, हा मार्ग आहे.

बाळंतिणीसाठी ऑनलाइन सोय खास उपयोगाची आहे, कारण ती माहेर आणि सासर यांच्यामध्ये फिरत असते. माहेरी, समजा आजऱ्यात, सुरू झालेले बोलणे सासरी हुपरीला गेल्यावर तुटत नाही. बाळंतपणानंतर पहिल्या काही दिवसांत रडू येणे, जीव घाबरणे बऱ्याच जणींना होते आणि दोन आठवड्यांत ओसरते. त्यापुढेही राहिले तर ते अंगावर काढू नये. बाळंतपणानंतरचे नैराश्य ओळखण्यासाठीच्या एडिंबरो प्रश्नावलीत गेल्या सात दिवसांबद्दलचे दहाच प्रश्न असतात, ते फोनवरही विचारता येतात. शेवटचा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या विचाराबद्दल आहे, आणि त्याला ‘नाही’ सोडून दुसरे काही उत्तर आले तर बाकीची बेरीज कितीही कमी असो, त्याच दिवशी पुढची मदत घ्यावी. बाळंतिणीला भास होत असतील, झोप पूर्ण उडाली असेल किंवा बाळाबद्दल भलतेच बोलत असेल, तर स्क्रीन बाजूला ठेवून थेट रुग्णालय गाठावे.

ऑनलाइन पुरत नाही अशा आणखी दोन गोष्टी सांगणे गरजेचे वाटते. रोज भरपूर दारू पिणाऱ्याला ‘आजपासून बंद’ असे फोनवरून सांगणे धोक्याचे आहे. एकदम थांबवल्यावर पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, पुढे भ्रमही होऊ शकतो, त्यामुळे हे डॉक्टरच्या देखरेखीखालीच व्हावे. कोल्हापुरातल्या सीपीआर या सरकारी रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे. दुसरे, अध्ययन अक्षमतेची (वाचन, लेखन, गणित शिकण्यातल्या अडचणीची) ऑनलाइन चाचणी करून दिलेला दाखला बोर्डाच्या सवलतीसाठी चालत नाही. त्यासाठी शासनाने अधिकृत केलेल्या ठिकाणी मुलाला प्रत्यक्ष तपासावे लागते. दहावीचा फॉर्म भरताना हे कळून धावाधाव करण्यापेक्षा आठवीतच चौकशी करावी.

ज्यांना फी परवडत नाही त्यांनी टेलि-मानस या सरकारी सेवेला १४४१६ वर फोन करावा. ती ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे, मोफत आहे, चोवीस तास आहे आणि मराठीत आहे. कॉल लागला की भाषा निवडायची; आधी प्रशिक्षित समुपदेशक बोलतो, गरज पडली तर मनोविकारतज्ज्ञाकडे जोडून देतो. दर वेळी तोच माणूस मिळेल असे नाही, म्हणून महिनोन्‌महिने चालणाऱ्या कामापेक्षा ‘आज काय करू’ या प्रश्नासाठी ती जास्त उपयोगी.

शेवटी आमची मागणी. जिल्ह्यातल्या बाराही तालुक्यांत ग्रामपंचायती, वाचनालये, शाळा आणि आयुष्मान आरोग्य मंदिरे आहेत. प्रत्येक ठिकाणी आठवड्यातून दोन दिवस, दोन तास, एक खोली मोकळी करून द्यावी. खोलीत खुर्ची, टेबल, चार्जिंगचा पॉइंट, खिडकीला पडदा आणि आतून लागणारी कडी असावी. दारावर ‘समुपदेशन कक्ष’ अशी पाटी लावू नये, कारण मग तिथे कुणी जाणार नाही. ‘खोली वापरात आहे’ एवढेच पुरे. नोंदवहीत वेळ लिहावी, नाव आणि कारण नको. त्या खोलीत कॅमेरा नको. शाळांनी पालकसभेच्या दिवशीच ही खोली उघडी ठेवली तर आईला घरी वेगळे कारण सांगावे लागणार नाही. शिरोली, गोकुळ शिरगाव, कागलच्या औद्योगिक वसाहतींतल्या कारखान्यांनी पाळी सुरू होण्याच्या अर्धा-पाऊण तास आधी अशी खोली दिली तर बापमाणसेही बोलतील.

आणि एक विनंती आपल्या वृत्तपत्राला. पावसाळ्यात पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पाणीपातळी रोज छापून येते. इशारा ३९ फूट, धोका ४३ फूट हे पेठेतल्या पोरालाही पाठ असते. तशीच फेब्रुवारी-मार्चमध्ये, बोर्डाच्या परीक्षा सुरू असताना, रोज त्याच कोपऱ्यात १४४१६ हा क्रमांक छापावा आणि खाली एक ओळ द्यावी: ‘विद्यार्थ्यांप्रमाणे पालकांनीही या क्रमांकावर बोलावे.’

आपले,
समुपदेशन क्षेत्रात काम करणारे काही जण,
कोल्हापूर